दोन्ही बाजू सारख्या

हेडफोन उतरवून पदर सारखा केला की मावशींचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "मले जे वाट्टे ते सांगू, का तुले जे पायजे ते सांगू?"

माझ्या उत्तराची वाट त्या कधी पाहत नसत. त्यांना जे वाटलं ते सांगून मोकळ्या व्हायच्या.

अशी माणसं तुमच्याही शेजारात असतील. तुम्ही त्यांना थोडं टाळतही असाल. मीही टाळलं असतं, पण मावशींनी तेवढी सवडच दिली नाही.

मी भंडाऱ्यात घरी बसून काम करतो. बोलती पुस्तकं तयार होतात, त्यांचा आवाज साफ करून, कापून, जोडून देतो. शिवाय एका संकेतस्थळासाठी हेडफोन, अँप्लिफायर असल्या यंत्रांची परीक्षणं लिहितो. म्हणजे दोन्ही कामं कानाचीच. बायको लाखनीच्या शाळेत शिकवते, ती सकाळची बस पकडते. मग दिवसभर खिडकीजवळच्या टेबलाशी मी एकटा, डोळे मिटून बसलेला.

मावशी आयुष्यभर एसटीत कंडक्टर होत्या. नवरा आधीच गेलेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या शेजारचं घर घेतलं आणि सामान लावता लावता त्यांना खिडकीतून मी दिसलो. तिसऱ्या दिवशी जवसाच्या चटणीची वाटी घेऊन त्या दारात उभ्या.

"बाबू, तब्येत बरी आहे ना? परवापासून पाहून राहिली, डोकं धरून बसला रायते. नोकरी गेली का?"

मी माझं काम समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. गाणी ऐकण्याचं काम असतं यावर कुणाचा विश्वास बसेल? शेवटी मी हेडफोन त्यांच्या कानावर चढवला आणि एक गाणं लावलं. त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या, ऐकलं, आणि कानावर झाकण असलेली माणसं बोलतात तशा ओरडल्या, "गजब वाजते बाप्पा!" समोरच्या घरातून दोन माणसं बाहेर आली.

त्या दिवसापासून त्या येऊ लागल्या. दुपारचं जेवण झालं की यायच्या, चहा स्वतःच करायच्या, आणि विचारायच्या, "आज कोणतं आलं?"

त्यांची भाषा तांदळाची होती. भात खाऊन वाढलेल्या मुलुखात आवाज तरी दुसऱ्या कशाने मोजणार? एखादं यंत्र आवडलं तर म्हणायच्या, "मोकळा आहे. शीत न् शीत येगळं." नाही आवडलं तर, "गिच्च झाला. पाणी जास्त पडलं याच्यात." ही वाक्यं मी परीक्षणात तशीच टाकू लागलो, शेजारच्या मावशी म्हणतात म्हणून. काही दिवसांनी वाचक माझं मत वाचायच्या आधी मावशींचं शोधू लागले. मला त्याचा राग आला नाही असं म्हणवत नाही.

पण त्यांचे कान सोन्याचे होते असं समजू नका. एक हेडफोन त्यांना केवळ लाल रंगाचा म्हणून आवडला होता. आणि एकदा मी यंत्र बदलतोय असं नाटक करून तेच यंत्र त्यांना दोनदा ऐकवलं. "पहिल्यापेक्षा हे दुसरं कितीतरी बरं," त्या ठामपणे म्हणाल्या. मी खरं सांगितलं, तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "म्या आयुष्यभर लोकायले हाफ तिकिटाचं वय इचारलं, तू मलेच पकडलं!" हेडफोनसुद्धा त्या नेहमी उलटा घालायच्या, डावा उजव्या कानावर. सांगून सांगून मी दमलो होतो.

मग ते मोठं यंत्र आलं.

मुंबईच्या एका वितरकाने परीक्षणासाठी पाठवलं होतं. टेबलावर ठेवायचा हेडफोन अँप्लिफायर आणि डॅक, दोन्ही एकाच पेटीत. काळं ॲल्युमिनियम, समोर एकच मोठं गोल बटण, आणि वजन असं की कुरिअरवाल्याने ओट्यावर टेकवूनच श्वास सोडला. मी मावशींना सांगितलं की संगणकात गाणं आकड्यांच्या रूपात असतं. हे यंत्र त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करतं आणि हेडफोन हलवण्याइतकी ताकद त्याला देतं.

"म्हंजे आकडे खाते आन् गाणं देते."

"हाव."

किंमत ऐकल्यावर त्यांनी त्याच्यावर ठेवलेला चहाचा कप गुपचूप उचलून हातात धरला.

पहिले काही दिवस मी अक्षरशः हरखलो होतो. गाणं सुरू होण्याआधीची शांतता एवढी काळीभोर मी पूर्वी ऐकली नव्हती. गायिका ओठ उघडते तो बारीक आवाज, तबल्याच्या शाईवर टेकलेलं बोट, सगळं आपापल्या जागी. कमी आवाजातही काही हरवत नव्हतं. परीक्षणाची सुरुवात मी मोठ्या उत्साहाने लिहून ठेवली.

मग मला सर्दी झाली. ती ओसरली, आणि एका सकाळी यंत्राची डावी बाजू मंद वाटू लागली. गायिका मधोमध उभी असायची, ती उजवीकडे सरकली होती. डावीकडचे स्वर घोंगडीखालून येत होते. मी तार बदलली, संगणक बदलला, तेच. जुन्या यंत्रावरही थोडं तसंच वाटलं, पण ते मी सर्दीवर ढकललं. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणात दोन बाजूंचा असा फरक काही यंत्रांत असतो, मी त्यावर पूर्वी लिहिलंही होतं. माझं ठरून गेलं. एवढी मोठी वस्तू आणि एवढी मूळ चूक! संतापून मी परीक्षण पुन्हा लिहायला घेतलं.

दुपारी मावशी आल्या. मी हेडफोन पुढे केला. त्यांनी सवयीप्रमाणे उलटा घातला, गाणं संपेपर्यंत ऐकलं.

"मले जे वाट्टे ते सांगू..."

"सांगा मावशी. डावीकडून कमी येते ना?"

"नाई बा. दोन्ही बाजू सारख्याच आहेत."

"नीट आयका. एक बाजू दबलेली आहे."

"कायले दबलेली राहीन? सारखं आयकू येऊन राहिलं मले."

मला त्यांचा वैताग आला. त्यांच्या कानावरचा हेडफोन मी जवळजवळ ओढूनच घेतला आणि होता तसा, उलटाच, माझ्या कानावर चढवला. आता मंद बाजू उजवीकडे जायला हवी होती.

ती डावीकडेच राहिली.

हेडफोन उलटून बघणं ही या कामातली पहिली पायरी. नवखा माणूसही ती आधी करतो. मला ती सुचली नव्हती, कारण यंत्रावर शंका घ्यायला मी तयार होतो, कानावर नव्हतो. मी उजवा कान बोटाने बंद केला. पंखा थांबला. रस्त्यावरच्या ऑटोचा आवाज गेला. मावशींचे ओठ हलताना दिसत होते, आणि त्यांचं बोलणं कुठून तरी दूरच्या विहिरीतून येत होतं.

"काय झालं बाबू? पांढरा काहून पडला?"

मी सांगितलं. आणि लगेच म्हणालो, सर्दीने दाटला असेल, मळ असेल, सोमवारी दाखवतो, हे परीक्षण तेवढं पाठवून देतो.

"सोमवार गेला खड्ड्यात. चप्पल घाल."

मी आणखी काहीतरी बोलत होतो. त्यांचं रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवूनसुद्धा झालं होतं.

कानाच्या डॉक्टरांनी चिमट्यासारखा एक धातूचा काटा झंकारून माझ्या कपाळावर मधोमध टेकवला आणि विचारलं, आवाज कुठं येतो? उजवीकडे, मी म्हणालो. त्यांचा चेहरा गंभीर झाला. मळ नव्हता. आतल्या कानाची ऐकण्याची शक्ती अचानक गेली होती. असं का होतं ते पुष्कळदा कळत नाही, हेडफोनचा दोष दिसत नाही, पण उपचार जितका लवकर तितकी परत येण्याची आशा जास्त. गोळ्या आजच सुरू करा, उद्या नागपूरला जाऊन पूर्ण तपासणी करा.

"पूर्ण येईल का परत?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. पण वेळेत आलात."

मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या भिंतीवरचं कानाचं चित्र निरखत होत्या.

नागपूरला बायको रजा काढून येत होती, तरी मावशी आल्याच. नंतर कानात इंजेक्शनं सुरू झाली, तेव्हा बायकोला दर वेळी रजा मिळेना. मग मावशी आणि मी. बसमध्ये त्या हट्टाने माझ्या डाव्या बाजूला बसायच्या. मी म्हटलं, मावशी, उजवीकडे बसा, बोलता तरी येईल. त्यांनी मान हलवली.

"चांगल्या कानाले काय ताप आहे? याच्यासंगच बोलाव लागन."

आणि त्या त्याच्याशी बोलायच्या. रोज दुपारी आमच्याकडे येऊन माझ्या डावीकडे बसायच्या, मला उजवा कान दाबायला सांगायच्या, आणि त्यांच्या जुन्या रस्त्यावरच्या थांब्यांची नावं घ्यायच्या. मी ओळखायचं. आधी मोठ्याने, मग हळूहळू आवाज उतरवत. सुरुवातीला मला नुसती घरघर यायची. मी चिडायचो, एकदा तर रडलोही. कान गेला तर मी काय करणार होतो? दुसरं काही मला येतच नाही. त्या शांतपणे पुढचं नाव घ्यायच्या. गाडी उशिरा पोचली म्हणून कंडक्टर रडत बसत नाही, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर असायचं.

एका दुपारी नेहमीची घरघर आली आणि तिच्यातून एक शब्द बाहेर पडला.

"साकोली," मी म्हणालो.

"आन् आता?"

"लाखनी."

"आता?" हे त्यांनी अगदी पुटपुटत विचारलं होतं. तेही मला ऐकू आलं. त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात चहा करायला गेल्या, आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

कान पुष्कळसा परत आला. अगदी वरचे, बारीक स्वर डावीकडे अजून थोडे कमी आहेत, आणि शांत खोलीत एक शिट्टी वाजत राहते. डॉक्टर म्हणाले, एवढं राहील. एवढं मी आनंदाने ठेवून घेतलं.

वितरकाने मुदत वाढवून दिली होती. मी यंत्र पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. गायिका मधोमध उभी होती. संतापून लिहिलेला मजकूर मी पुसून टाकला.

परत पाठवायच्या आदल्या दिवशी मावशी म्हणाल्या, "मायावालं एक गाणं लाव याच्यावर." म्हणजे त्यांचं स्वतःचं. त्यांची थोरली बहीण एकोडीला राहते. तिकडच्या कुणीतरी फोनवर रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायकांचं गाणं घेऊन पाठवलं होतं, त्या बायकांत ही बहीणही होती. आम्ही ते फोनवर आधी ऐकलंही होतं. मी म्हटलं, असल्या रेकॉर्डिंगला एवढं यंत्र काय करणार, वाराच जास्त ऐकू येईल.

"लाव तर."

वाराही आला, चिखलातल्या पावलांची चुबुकचुबुकही आली. मावशी गालात हसत होत्या. मग हसू थांबलं.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. आणखी एकदा लावायला सांगितलं. "ताई खोकलून राहिली," त्या म्हणाल्या.

मी ऐकलं. गाण्याच्या मागे, ओळ संपते तिथं, एक कोरडा, खोल खोकला. दर ओळीनंतर. फोनवर तो आम्हा दोघांनाही कळला नव्हता. मावशींनी तिथूनच बहिणीला फोन लावला.

"सर्दी म्हणे! सर्दी मले सांगू नको. कधीपासून आहे ते सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकोडीला गेल्या. बहिणीला क्षय निघाला. औषधं लांबची, घरात दुसरं कुणी नाही, शेती आहेच. मावशी थोड्या दिवसांसाठी गेल्या होत्या, त्या तिथंच राहिल्या. नंतर एक टेम्पो येऊन त्यांचं सामान घेऊन गेला. आता त्या घरात एक जोडपं भाड्याने राहतं. चांगली माणसं आहेत, दार लावून घेतात.

परीक्षण छापून आलं. 'गाण्यामागचा खोकलासुद्धा हे यंत्र लपवत नाही' असं मी त्यात लिहिलं होतं. काही वाचकांना तो दोष वाटला.

मागच्या हिवाळ्यात एकोडीला जाऊन आलो. जाताना बसमध्ये मनाशी वाक्यं जुळवत होतो. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत, मानले तर तो परका झाल्यासारखा होतो, म्हणून ते राहून गेलं होतं. या वेळी सांगायचंच असं ठरवलं होतं.

दारात ताईंनी "जयभीम, या बाबू" म्हणून स्वागत केलं. खणखणीत आवाज, अंगावर मूठभर मांस चढलेलं. औषधं कधीच संपली होती. शेजारच्या खळ्यावर धानाची मळणी चालू होती, यंत्र धडधडत होतं, भुसा उडत होता, कोंबड्या ओरडत होत्या. आणि अंगणात, आंब्याच्या सावलीत, बाजेवर मावशी झोपल्या होत्या. तोंड जरासं उघडं, एक हात खाली लोंबणारा, पायाला वाळलेला चिखल. इतकं गाढ झोपलेलं माणूस मी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

"सकाळपासून वावरात होती," ताई म्हणाल्या. "उठवू का?"

मी नको म्हटलं. ताईंनी दिलेला चहा घेतला, बराच वेळ तिथं बसलो. परतीची गाडी होती. ताईंना खुणेनेच येतो म्हटलं आणि निघालो.

शेजारी मळणीयंत्र एवढं गरजत असताना चपला हातात घेऊन अंगण ओलांडण्यात काही अर्थ नव्हता. तरी घेतल्या.