कुसुमनं न घातलेली माळ

ये गं सुनी, अशी जवळ बस. जवळ म्हणायचं आपलं. तू नांदेडला, मी लातुरात. आधी थोडं रागावून घेते. आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी चार माणसांत तू बापाला म्हणालीस, "आईनं अख्खा जन्म नुसत्या काळ्या पोतीवर काढला," आणि उभ्या उभ्या गाडी धरलीस. महिना उलटला. फोन करतेस तो मला, त्यांना न्हाई. तुझी पहिली वेणी मी घातलेली आहे, तेव्हा एवढं बोलायचा माझा हक्क आहे. हे मुद्दाम पेपरच्या पुरवणीला दिलं. म्हणजे ज्यांनी तुझ्या आईला, आमच्या कुसुमला, बघितलं न्हाई त्यांनाही ती कळेल, आणि तुला फोन ठेवून देता येणार न्हाई.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत, कपाटं हातगाड्यांवरून येऊन राहिलेली. तुझे बाबा, म्हणजे आमचे भाऊजी, त्यातल्याच एका कचेरीत शिपाई म्हणून लागले, आमचे मालक तिथंच कारकून. चाकूरकडच्या खेड्यातून कुसुम आली ती एक पेटी आणि कडेवर तू घेऊन. आमच्या दोन खोल्यांची भिंत एकच. बाई गोड, पण कुणाच्या घरी बारसं असो की लग्न, हिचं डोकं दुखायचं. एकदा मी सरळच विचारलं. तर पदर गळ्याशी ओढून म्हणाली, "ताई, बायका गळ्याकडं बघत्यात. माझ्या आईची बोरमाळ व्हती. दुष्काळात खडी फोडून बी पुरंना, तवा मीच काढून ह्यांच्या हातात दिली. इकून आले आन् पोत्यावर बसून रडले. म्हनले, पाऊस पडू दे, पहिली तुझी बोरमाळ..." पाऊस पडला गं, पिकलंही. पण सोन्याचे मणी काही परत आले न्हाईत.

माझं माहेर मुदखेडचं. तिथून येताना एकदा नांदेडच्या बाजारात काचेचे मणी दिसले, लाल, पिवळे, फिरोजी, सगळे एकात मिसळलेले. पिशवीला गोंडे करावेत म्हणून घेतले. कुसुमनं पुडी उघडली आणि बोटं मण्यांत घालून बसूनच राहिली. "मला द्या की हे, ताई." झालं, तिथून सुरुवात. शिकवायला कोण होतं? पितळी ताटात मणी ओतले, तर निम्मे घरंगळून पेटीखाली. एक तू नाकात घातलास, तो काढता काढता आमच्या नाकी नऊ आले. पहिली माळ तिनं इतकी ओढून ओवली की हातात धरली तर वाकेचना.

"कुसुम, ही माळ हाय का सायकलची तार?"

"शिकून राहिले ना. तुमची पहिली भाकर गोल झाली व्हती का?"

मग एक एक उमगत गेलं. ताटात जुनं धोतर अंथरलं की मणी पळत न्हाईत. काचेची धार दोरा कापते, म्हणून दोऱ्यावर मेणबत्ती फिरवायची. शेवटची गाठ मारायच्या आधी एका मण्याची जागा ढिली सोडायची, म्हणजे माळ गळ्यावर लोळते. आणि लहानमोठे मणी मिसळले की माळ वाकडी दिसते, म्हणून ही बाई चक्क रव्याच्या चाळणीनं मणी चाळायची! नव्यानं बसणारीला म्हणायची, "पहिली माळ मोडायचीच असती. ती मोडताना रडू नको." गल्लीतल्या बायका, शाळेतल्या बाई, सगळ्यांच्या गळ्यात कुसुमच्या माळा. पैसे देऊ केले की म्हणायची, "ही हौस हाय माझी, दुकान न्हाई."

एके दिवशी फिरोजी मण्यांची एक माळ झाली, मध्ये मध्ये बारीक लाल. मी तिला माझ्या आरशासमोर उभं केलं, "घाल बरं." घातली. सावळ्या गळ्यावर अशी खुलली... तेवढ्यात तुझे बाबा किल्ली मागायला दारात आले. बघत राहिले. "चांगली दिसायली," म्हणाले आणि गेले. त्या संध्याकाळी ते जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवशी कुसुमचा गळा मोकळा. "त्यांला बोरमाळ आठवली असंल, ताई. मी काच घातली तर त्यांला टोचतं. आधीच मान खाली घालून चालणारं माणूस ते." मी पुष्कळ भांडले तिच्याशी. ऐकलं न्हाई. पुढं पगार वाढला, भाऊजी सोनाराकडं चल म्हणाले, तर ही म्हणाली, सुनीचं कॉलेज होऊ द्या. मग घर आलं, मग तिचं आजारपण. राहूनच गेलं.

आता ऐक, ज्यासाठी हे लिहायला बसले. मागच्या आठवड्यात भाऊजी आमच्या पायरीवर येऊन बसले. तुझ्या बोलण्यानं माणूस आत वळलाय. म्हणाले, "वैनी, एक इचारू? साऱ्या गावाला माळा केल्या तिनं. सोता का घालीत नव्हती?"

"तुम्ही त्या दिवशी जेवला न्हाईत म्हणून," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "त्या दिवशी साहेबानं समद्यांदेखत झापलं व्हतं मला. घास उतरंना. ते घरात कसं सांगायचं, म्हनून बोललो न्हाई... माळ तर मला लई आवडली व्हती. तिनं परत घातली न्हाई, तवा मी समजलो, हिला काच नको, सोनंच पाहिजे. आन् सोनं तर..."

सुनी, कुणी कुणाला काही मना केलं नव्हतं गं. एकाच चुलीपुढं बसून दोघं एकमेकांचं मन जपत राहिली, आणि एकानंही विचारलं न्हाई. बाबांनी आईची हौस मारली म्हणून तू रागावलीस, ते या घरात घडलंच नव्हतं.

परवापासून भाऊजी दुपारी ओट्यावर उन्हाला बसतात, मांडीवर ताट, डोळ्याला चष्मा. ओवून राहिलेत. सुईत दोरा घालायलाच त्यांना अर्धी दुपार लागते. निळा आणि हिरवा त्यांना ओळखू येत न्हाई, सरमिसळ होते. काल मला म्हणाले, "वैनी, सुनीला असली माळ चालंल का?" मी म्हणाले, मला काय विचारता, तिला विचारा. तर मान खाली. आता या घरात पुन्हा न विचारलेलं राहायला नको. रंग चुकतात हे मी त्यांना सांगितलेलं न्हाई, तूच सांग. लवकर ये, बाई.