जाळीच्या दोन्ही बाजू

लिपोवोच्या शाळेत जिन्याच्या मधोमध लोखंडी जाळी होती. अलीकडे मुसलमान बोस्नियाकांची मुलं, पलीकडे ख्रिस्ती क्रोआटांची. घंटा वेगळी, हेडमास्तर वेगळे, झाडूवालीसुद्धा वेगळी. अलीकडची मुनेवेरा, पलीकडची आंकित्सा.

गावाला याची कानोकान खबर नव्हती, पण दोन्ही जमातींतलं युद्ध संपल्यापासून या दोघी एक दिवसाआड येत. बॉयलरच्या खोलीला दारं दोन्हीकडे. जिची पाळी ती दोन्ही बाजू पुसून काढी, दुसरी घरी मिरच्या भाजत बसे. आणि खाटीक रेफिक छाती फुगवून सांगे, "आमची बाजू बघा, लख्ख. त्यांची बघा, उकिरडा." पलीकडच्या कॅफेत नेमकं उलटं. मुनेवेरा तोंडाला रुमाल लावून हसे.

मग सुधारणा आली. जाळी निघणार, शाळा एक होणार, झाडूवालीही एकच. सोमवारी समिती येणार. जी बाजू स्वच्छ, तिची बाई राहणार. मुनेवेराचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्याच पगारावर.

रेफिकने तिला रस्त्यात गाठलं. "काकू, आपलं नाक कापू नका हं."

"तुझं कापलं तरी पुरून उरेल मेल्या," ती म्हणाली आणि झपझप पुढे निघाली.

रविवारी पाळी तिचीच. आपली बाजू तिने आरशासारखी घासली. पलीकडचं शेवटचं वळण मात्र चिखलाच्या पावलांसकट तसंच सोडलं. घरी येऊन ताट बाजूला सारलं. टीव्ही लावला, बंद केला, परत लावला.

"मुंग्या चावताहेत का गं?" नवऱ्याने विचारलं.

उजाडताच ती बादली घेऊन शाळेत शिरली. तिच्या लख्ख जिन्यावर आंकित्सा उभी. हातात राखेचं घमेलं, अर्धं सांडून झालेलं.

"पलीकडचं वळण पाहिलं मी," आंकित्सा म्हणाली.

"तेच पुसायला आलेय."

"मग जरा लवकर यायचंस."

"तू जरा थांबायचंस."

मुनेवेराने घमेलं हिसकावलं, पलीकडे गेली आणि उरलेली राख तिकडे नीट पसरली. "आता बघू कुणाला ठेवतात ते. कॉफी टाक."

समितीत दोन्हीकडची माणसं सारख्याच संख्येनं. आपली बाजू जास्त घाण, असं लिहून द्यायला एकही तयार होईना. दुपारपर्यंत भांडून त्यांनी ठरवलं, दोघींनाही ठेवा. पण दोघींनी रोज यायचं.

जाळी निघाली. आता एकाच जिन्यावर दोन बादल्या रोज एकमेकींवर आपटतात, आणि मिरच्या भाजायला कुणालाच वेळ नाही.