सूप झाकून ठेव, लुएला

माझे भावजी गिल्दो पास्कारेला हे न्यू हेवनमधले सगळ्यात बेसूर न्हावी. न्हावी म्हणून उत्तम, त्याबद्दल गैरसमज नको. हात हलका, वस्तरा धारदार. पण गिऱ्हाईक खुर्चीत बसलं आणि वस्तरा गळ्यापाशी आला, की ते गायला लागतात, आणि त्या अवस्थेत कोणी तक्रार करत नाही. लग्नाच्या आधीपासून ते एकच गाणं गात आलेत. ते जगात दुसऱ्या कोणालाच येत नाही. फक्त माझ्या असुंताताईला येतं, आणि तिला ते वेगळं येतं.

त्याचं असं आहे, की पूर्वी न्यूयॉर्कला जाणारं नवं संगीत नाटक आधी आमच्याकडे यायचं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. आम्ही हसलो तर विनोद राहायचा, आम्ही खोकलो तर गाणं जायचं. मग मंडळी गाशा गुंडाळून बॉस्टनला, तिथे आणखी कापाकापी, आणि उरलंसुरलं न्यूयॉर्कला. त्यामुळे आमच्या गावात न्हाणीघरात लोक जी गाणी म्हणतात, त्यातली निम्मी न्यूयॉर्ककरांनी कधी ऐकलेली नाहीत. आणि त्यामुळेच इथल्या प्रत्येकाला वाटतं, की नाटक चाललं ते आपल्यामुळे.

भावजींना हे जरा जास्तच वाटायचं. दुकान थिएटरच्या मागच्या गल्लीत, नट दाढीला तिथेच येत. तोंडाला साबण फासून झाला की भावजी त्यांना दुसऱ्या अंकाबद्दल सल्ला देत. फेसाने भरलेल्या तोंडातून माणूस फार तर ‘हं’ म्हणू शकतो. भावजी ती संमती धरत. अमक्या नाटकातला मामा मी काढायला लावला, तमक्यातला कुत्रा मी वाचवला, हे त्यांच्या तोंडून मी इतकं ऐकलंय की मला तो कुत्रा नावानिशी आठवतो.

तर एक्कावन्न साली एक दीपगृहाचं नाटक आलं. गुरुवारी पहिला प्रयोग. ताई आणि मी नवे कपडे, नवे बूट घालून बाल्कनीत बसलो होतो. माझे बूट एवढे चावत होते की दुसऱ्या अंकात मी ते काढून ठेवले. शेवटाकडे खलाशी दीपगृहवाल्याच्या मुलीचा निरोप घेतो आणि गातो:

दिवा तेवढा तेवत ठेव, लुएला,
सूप झाकून ठेव,
वारा पडला की येईन मी
घरी.

हे चालू असताना माझा पाय लागून एक बूट घरंगळत पायऱ्या उतरून गेला आणि बाल्कनीच्याच पहिल्या रांगेतल्या एका तरुणाच्या घोट्यावर आपटला. तो बूट घेऊन मागे वळला. त्याने ताईकडे पाहिलं, ताईने त्याच्याकडे पाहिलं. मी खुर्चीखाली डोकं घालून उरलेला बूट चाचपत होते. म्हणजे शेवटच्या सुराच्या वेळी त्या दोघांच्या जवळची एकमेव साक्षीदार खुर्चीखाली होती. हे मला दोघांनीही कधी माफ केलेलं नाही.

तरुणाने बूट दिला, आपलं दुकान कुठे आहे ते सांगितलं आणि संपलं. पुढच्या मंगळवारी ताई आमच्या चुलतभावाला केस कापायला म्हणून घेऊन गेली. त्या पोराचे केस आदल्याच आठवड्यात कापले होते. वर्षाच्या आत लग्न झालं. नाटक मात्र बॉस्टनला गेलं, तिथे ते गाणं काढून टाकलं, आणि न्यूयॉर्क बघायच्या आत नाटकही बुडालं. तबकडी नाही, छापील स्वरलिपी नाही. गाणं उरलं ते भावजींच्या दुकानात.

भांडण होतं ते शेवटच्या शब्दावर. भावजींच्या मते ‘घरी’चा सूर वर जातो, म्हणजे खलाशी परत येतो. ताईच्या मते सूर खाली येतो, भांड्यावर झाकण बसावं तसा, म्हणजे खलाशी गेला तो गेलाच.

भावजी कात्री हवेत धरून गाण्याची फोड करत. चाल ‘दिवा’पासून एकेक पायरी चढत जाते, कारण माणूस दीपगृहाच्या जिन्याकडे बघतोय. ‘सूप’वर ती खाली उतरते, कारण चूल खालच्या मजल्यावर आहे. आणि ज्याला परत यायचंच नाही, तो सूपची काळजी कशाला करील? ‘गिळ नाहीतर फेकून दे’ म्हणेल आणि चालू पडेल. इथे ते गिऱ्हाइकाला विचारत, पटतंय का. मानेवर वस्तरा असलेलं गिऱ्हाईक मान हलवत नसे, पण ‘पटतंय’ म्हणे.

ताई गल्ल्यावर बसायची. तिचं म्हणणं, ज्याला यायचं असतं तो म्हणतो, वाढ. झाकून ठेव म्हणणाऱ्याला ठाऊक असतं की सूप गार होणार. आणि वारा पडला की येईन म्हणजे काय? समुद्रावर वारा पडतो कधी? ही सरळ सरळ पळवाट आहे.

गल्लीत वरवाले आणि खालवाले असे दोन तट पडले. मासळीवाला वरचा, त्याची बायको खालची. आमचे पाद्री दोन्हीकडे पाय ठेवून असायचे. त्यांनी गाणं म्हटलंच तर शेवटचा सूर ना वर ना खाली, मधल्या मध्ये तसाच लांबवत ते दाराबाहेर पडायचे.

आता तुम्ही म्हणाल, दोन म्हाताऱ्या माणसांचा पोरखेळ. मलाही वर्षानुवर्षं तेच वाटायचं. पण एक गोष्ट होती. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, दोन पेले वाइन पोटात गेली की भावजी उभे राहून आपली गोष्ट सांगत. तिचा शेवट ठरलेला: “मी काही कोणाच्या मागे गेलो नाही. बूट दिला आणि विसरलो. हीच आली माझ्या दुकानात.” सगळे हसत. ताईही हसे. पण मी तिच्या शेजारी बसलेली असायचे, आणि ते हसू तिचं नसायचं. एकदा माझ्या मिठाईच्या दुकानात कानोलीत सारण भरता भरता ती म्हणाली, “नुंझिया, हा माणूस माझ्यासाठी एकदा तरी चार पावलं चालत आला असता ना, तर मीही म्हटलं असतं, जातो सूर वर.” मी म्हटलं, सारण सांडतंय.

लग्नाला चाळीस वर्षं होत आली तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये समारंभ ठरला. नवरा-बायकोने त्याच गाण्यावर नाचायचं, हेही ठरलं. अकॉर्डियनवाला विचारायला आला, शेवट कसा करू. ताईने जाहीर केलं, वर केलास तर मी खुर्चीवरून उठणार नाही. भावजी म्हणाले, खाली केलास तर मी बसून राहीन. अकॉर्डियनवाल्याने सुचवलं, आपण वेगळंच गाणं घेऊ. त्यावर मात्र दोघं एकदम त्याच्या अंगावर गेले. हॉल ठरलेला, सॉसेज आणि मिरच्यांची परात सांगून झालेली, आणि नाचायला कोणीच उठणार नव्हतं.

अशात मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे काझिमिर व्हॉयनार भेटले. पोलिश मोहल्ल्यातले, ऐंशी ओलांडलेले, डोळ्यांत औषध घालून बसलेले. शेजारणीला सांगत होते, की थिएटरमध्ये रंगमंचासमोरच्या वादकांच्या खड्ड्यात त्यांनी किती वर्षं ट्रॉम्बोन वाजवला. नाटक बाहेरचं असलं तरी बरेचसे वादक गावातलेच घेत. मी विचारलं, दीपगृहाचं नाटक आठवतं? ते म्हणाले, “सूपवालं?” माझा मोतीबिंदू राहिला बाजूला. मी त्यांच्याकडून सोमवारी येण्याचं वचन घेऊनच सोडलं.

सोमवारी दुकान बंद असतं. भावजींनी व्हॉयनार मास्तरांना खुर्चीत बसवून फुकट दाढी करायला घेतली. ही सरळ लाच होती. ताईने त्यांच्या मांडीवर बदामाच्या बिस्किटांची बशी ठेवली. हीसुद्धा लाचच, पण बिस्किटं माझ्या दुकानातली.

भावजींनी विनंती केली, मास्तर, गाणं म्हणून दाखवा. मास्तरांनी डोळे मिटले, पायाने ठेका धरला आणि बराच वेळ काहीच म्हटलं नाही. मग म्हणाले, “पों.” पुन्हा शांतता. पुन्हा “पों.” ताईने माझ्याकडे पाहिलं. मास्तर डोळे न उघडता म्हणाले, की ट्रॉम्बोनला तिथे एवढंच काम होतं, बाकी वेळ मोजत बसायचं. गाण्याचे शब्द त्यांना कधीच कळले नव्हते. सूप आठवत होतं, कारण तो शब्द आला की त्यांना भूक लागायची.

“आणि शेवट?” ताईने विचारलं. “शेवटी सूर वर जातो की खाली?”

“शेवटाचं तर मी मरेपर्यंत विसरणार नाही,” मास्तर म्हणाले.

भावजींचा ब्रश थांबला.

मास्तरांनी सांगितलं ते असं. खड्डा अरुंद. त्यांच्या पुढ्यात एक टकला व्हायोलिनवाला बसायचा. ट्रॉम्बोनचा सूर खाली आणायचा तर नळी पुढे सरकवावी लागते. गुरुवारी शेवटचा सूर खाली होता. त्यांनी नळी पुढे सारली, ती थेट टकलावर. शुक्रवारी पुन्हा तेच. व्हायोलिनवाला मारायला उठला. पण त्या रात्री लोक चेहरे पाडून घरी गेले, म्हणून शनिवारी दुपारी गाणं रचणारा धावत आला आणि त्याने शेवट बदलला. सूर वर. वर म्हणजे नळी मागे ओढायची. टक्कल वाचलं. व्हायोलिनवाल्याला वाटलं, मास्तरांनी त्याची कदर केली. त्याने रात्री बिअर पाजली आणि पुढे मुलीच्या लग्नाला बोलावलं.

“वर,” भावजी ओरडले. “ऐकलंस असुंता? वर. मी काय सांगत होतो?”

ताईने मास्तरांच्या बशीतलं एक बिस्किट उचललं आणि परत ठेवलं.

“शनिवारी वर,” ती म्हणाली. “आपण गुरुवारी गेलो होतो.”

“असेल.”

“असेल नाही. पहिला प्रयोग होता. नुंझियाचे बूट त्या दिवसासाठी आणले होते. गुरुवारी सूर खाली होता, मी ऐकलेला तो खालीच होता. तू वरचा कुठून ऐकलास?”

भावजींनी वस्तरा पट्ट्यावर घासायला घेतला. तो आधीच घासलेला होता.

“शनिवारी तू कुठे होतास, गिल्दो?”

“दुकानात. शनिवारी न्हावी कुठे असतो?”

“रात्री.”

मास्तरांनी एका गालावर फेस घेऊन विचारलं, हा गाल राहिलाय का. भावजींचे कान लाल झाले होते. त्या माणसाचे कान लाल होतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

“बाल्कनीत,” ते म्हणाले. “शुक्रवारीपण.”

“गाणं ऐकायला?”

“गाणं कसलं ऐकतो. त्याच खुर्चीवर मागे वळून बसलो होतो. मागच्या बाईने शेवटी दरवान बोलावला.” त्यांनी वस्तरा मिटला. “तू काही दिसली नाहीस. मग तो सूर वर गेला, आणि मला वाटलं, येईल ही. उगाच वाटलं.”

“मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

“मंगळवारी तू स्वतःच आलीस. आता कशाला सांगू, म्हटलं. आणि नंतर त्या गोष्टीवर लोक हसायला लागले.”

ताई उठली. मला वाटलं, ती आता त्यांना चांगलं झापणार, आणि खरं सांगायचं तर माझीही तशीच इच्छा होती. तिने त्यांच्या हातातला वस्तरा काढून घेतला, बाजूला ठेवला, आणि टॉवेलने त्यांच्या कानावर उडालेला फेस पुसला. कानावर फेस नव्हता, मी नीट बघत होते. “गाढव,” ती म्हणाली, आणि रडली. मास्तर शेवटी अर्धी दाढी घेऊनच घरी गेले. दुसऱ्या गालासाठी त्यांना मंगळवारी पुन्हा यावं लागलं.

पण एवढ्यावर मिटलं तर ती दोघं कसली. समारंभाच्या संध्याकाळी ताईने अकॉर्डियनवाल्याला बजावलं, शेवट वर कर. भावजींनी त्याला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, खाली कर, पहिल्या प्रयोगाचा मान असतो, बाईसाहेबांचंच बरोबर आहे. तो बिचारा रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला. मी म्हटलं, जिचं सूप आहे तिचं ऐक.

नाचाआधी भावजी पेला घेऊन उभे राहिले आणि नेहमीची गोष्ट सुरू केली. बूट आला, घोटा आला. “मी काही कोणाच्या मागे,” इथपर्यंत आले आणि थांबले. सगळे हसायच्या तयारीत होते. भावजींनी ताईकडे पाहिलं, “मागे वळून बसलो होतो,” म्हणाले, आणि खाली बसले. कोणाला काही कळलं नाही. ताई एकटीच हसली, आणि ते हसू तिचं होतं.

मग दोघं नाचली. मी टेबलाखाली बूट काढून पाय मोकळे सोडले होते, पण या वेळी मात्र डोकं वर ठेवलं. दिवा झाला, सूप झालं, वारा पडला, आणि त्या गाण्याचा शेवटचा सूर मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. वर गेला.

मला विचाराल तर तो खालीच बरा वाटला असता. पण मी बूट पायात घातले, उभी राहिले आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.