बायची दुसरी साक्ष

बाय गेल्याचं मला तिच्या जावेकडून कळलं. मार्सेलिनवहिनी एरवी कधी फोन करत नाही, आणि केलाच तर पलीकडच्या गावाला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं बोलते. त्या दिवशी सकाळी मात्र तिचा आवाज इतका खाली होता की मला पुन्हा विचारावं लागलं. "बाय गेली गो," एवढंच म्हणाली, "तू ये." मी उमेळ्याला पोचले तेव्हा अंगणात खुर्च्या लागत होत्या, आणि मस्कतला असलेल्या मुलाला विमान कधी मिळेल याची चौकशी चालू होती. दुपारपर्यंत माझ्या फोनवर वेगवेगळ्या लोकांकडून एकच संदेश येऊन पडला. बायचा फोटो. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, चेहरा घामानं आणि आनंदानं चमकणारा. खाली लिहिलं होतं, प्रभूने जिला आजारातून मुक्त केलं ती आमची प्रिय भगिनी रेजिना ओठांवर स्तुती घेऊन पित्याच्या घरी गेली. आलेलुया!

माझी बहीण आजारातून मुक्त झाली नव्हती. शेवटचे कित्येक महिने तिच्या ओठांवर स्तुतीचं एकही गीत आलं नव्हतं. मेलेल्या माणसाबद्दल कुणी चांगलं लिहिलं तर ते खोडू नये, असं मला घरच्यांनी समजावून पाहिलं. मला ते चांगलं वाटत नाही, सोयीचं वाटतं. म्हणून आता, महिनाभरानं, हे लिहायला बसले आहे.

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. माझी बाय गाणारी होती. शिकलेली गायिका वगैरे नव्हे. पण मे महिन्यात आळीतल्या क्रूसासमोर प्रार्थना व्हायची तेव्हा गीत उचलायला सगळे तिच्याकडे बघायचे. पताका लागलेल्या असायच्या, खाडीवरच्या वाऱ्यानं मेणबत्त्या पुन्हा पुन्हा विझायच्या, पोरांचं लक्ष शेवटी वाटल्या जाणाऱ्या उकडलेल्या चण्यांकडे असायचं... आणि मग बायचा आवाज यायचा, थोडा जाडसर, घाई नसलेला. आई म्हणायची, "रेजिनानं गीत धरलं की बाकीच्यांनी नुसतं मागून जायचं." लग्न होऊन ती उमेळ्याला गेली आणि तिथल्या चर्चच्या गायनवृंदात वर्षानुवर्षं गायली. कुणाकडे मयत झाली, कुणाचं बाळ दवाखान्यात आहे, की प्रार्थनेला बायला बोलावणं यायचं. ती जाताना कधी मोकळ्या हातानं गेली नाही. पातेलंभर पेज, नाहीतर केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. "पोटात काही नसलं तर माणूस देवाशी काय बोलेल?" असं म्हणायची. तिची श्रद्धा ही अशी होती, चुलीजवळची. मासे साफ करता करता आमेन म्हणणारी.

मग दाजी गेले. मुलगा नोकरीला मस्कतला होताच. त्याच सुमारास तिच्या दिरानं वाडीतला आपला हिस्सा बिल्डरला दिला आणि त्यात वाडीचं बावखल गेलं. बावखल म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं आमच्याकडचं लहानसं तळं. त्या पाण्यावर बायच्या हिश्श्यातली केळी आणि मोगरा जगत होता. ट्रक येऊन माती टाकत होते आणि बाय पायरीवर बसून बघत होती. त्यानंतर दोन घरांमध्ये पत्र्याचं कुंपण उभं राहिलं. दीर पुढे वारला, तरी बाय आणि मार्सेलिनवहिनी एकमेकींशी बोलल्या नाहीत. एकाच चर्चमध्ये जायच्या, वेगवेगळ्या बाकांवर बसायच्या.

त्या एकटेपणात तिला तो प्रार्थना गट भेटला. स्टेशनकडच्या एका इमारतीतला हॉल, कीबोर्ड, ड्रम, पडद्यावर गीतांचे शब्द. चर्चशी त्याचा संबंध नव्हता. चालवणारे आल्विन नावाचे गृहस्थ. सगळे त्यांना ब्रदर म्हणत. खोटं कशाला सांगू, त्या लोकांनी सुरुवातीला बायला खूप दिलं. तिच्या घरी येऊन बसायचे, एकत्र जेवायचे, वाढदिवशी दारात येऊन गायचे. दाजी गेल्यावर पहिल्यांदा मी तिला मोठ्यानं हसताना पाहिलं ते त्यांच्यात. तिथं तिचा आवाजही सुटला. हात वर करून, डोळे मिटून ती गायची तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या मलाही गहिवरून यायचं.

गाठ सापडली ती त्यानंतर. शस्त्रक्रिया मुंबईत झाली, ती व्यवस्थित पार पडली. डॉक्टरीणबाईंनी बायला समोर बसवून सांगितलं होतं की पुढची औषधं पूर्ण घ्यायची, मध्ये सोडायची नाहीत. तिनं सुरुवात केलीही. केस गेले, तोंडाची चव गेली. तेवढ्यात गटाच्या मोठ्या मेळाव्यात ब्रदर आल्विननी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि लगोलग आलेला रिपोर्ट चांगला निघाला. शस्त्रक्रियेनंतर तो तसाच यायला हवा होता. पण पुढच्या मेळाव्यात बायला माईकसमोर उभं केलं गेलं, साक्ष द्यायला. प्रभूनं मला बरं केलं, असं ती म्हणाली. शेकडो लोकांनी टाळ्या वाजवल्या. संदेशात फिरला तो फोटो त्याच दिवशीचा.

औषधं बंद कर, असं ब्रदरनी तिला कधी सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "सिस्टर, बरं झाल्यावरही दवाखान्यात जाणं म्हणजे प्रभूवर शंका घेणं नाही का?" बायनं त्याचा अर्थ लावला. मी भांडले, रडले. ती म्हणाली, "अगं, देवानं केलेलं काम अर्धं असतं का?"

"मग त्या डॉक्टरीणबाईंना कुणी शिकवलं? तुझ्या देवानंच ना?"

ती नुसती हसली. तेव्हा ती खरंच आनंदात होती, आणि त्या आनंदाशी भांडायला माझ्याकडे काही नव्हतं.

वर्ष सरायच्या आत पाठ दुखायला लागली. दुखणं हाडांत उतरलं होतं. ब्रदर आल्विन बायच्या घरी आले, चहा घेतला, आणि समोर बसून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "प्रभू दिलेलं वरदान परत घेत नाही, सिस्टर. आपल्याच हातून ते निसटतं. कुणाला माफ करायचं राहिलंय का, बघा. मनात कुठे गाठ आहे का..." गाठ हाच शब्द त्यांनी वापरला. मी तिथंच होते.

दुसऱ्या दिवशी बाय माझ्या हाताला धरून कुंपणाला वळसा घालून जावेच्या अंगणात गेली. मार्सेलिनवहिनी सुकट निवडत बसली होती. भातशेतीच्या गावातलं तिचं माहेर, बोलणं अजून तिकडचंच.

"मार्सेलिन, मी तुला माफ केलं," बाय म्हणाली.

"कशापायी?"

"बावखल बुजवलंत, त्यासाठी."

"मी बुजवलं? बिल्डरनं बुजवलं. नि तुझ्या माफीनं तिथं पानी येनार हाय का आता?" मग वहिनीनं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. हातातली सुकट खाली ठेवली. "कवढी सुकलीस गो... बस. जेवलीस का?"

बाय जेवली नाही. घरी येऊन ती पाठ दुखायची थांबते का याची वाट बघत बसली. एखाद्या मुलानं परीक्षेच्या निकालाची बघावी तशी. दुखणं थांबलं नाही तेव्हा मला म्हणाली, "आणखी कोण राहिलं असेल गं?" नंतरचे कित्येक दिवस ती आपलं सगळं आयुष्य उसवत होती. सासू, शाळेतल्या बाई, लग्नात आहेर न आणलेली मामी. एकदा तर मला विचारलं, "तुझ्यावर माझा कधी राग होता का?" आयुष्यभर इतरांसाठी प्रार्थना केलेली ती बाई आता स्वतःत पाप शोधत होती, आणि ते सापडत नाही याचं तिला दुःख होत होतं. याबद्दल मी त्या माणसाला माफ केलेलं नाही. करेन असं वाटतही नाही.

गटातली माणसं हळूहळू यायची बंद झाली. कुणी वाईट बोललं नाही. फोनवर हात जोडल्याची चित्रं येत राहिली. जिनं बरं झाल्याची साक्ष दिली तीच खुर्चीत वाळत चाललेली बघणं त्यांना जड जात असावं.

दवाखान्यात पुन्हा जायला सोपं पडावं म्हणून मी तिला काही दिवस तुळिंजला माझ्या घरी आणलं. एका संध्याकाळी बरं वाटलं म्हणून ती माझ्याबरोबर बाजारात आली. भाजीच्या गाडीपाशी एका बाईनं मागून येऊन तिचा हात धरला. चाळिशीची असेल. "आंटी! मला नाही ओळखणार तुम्ही. तुमची साक्ष ऐकली ना मी, त्याच दिवशी माझ्या गोळ्या बंद करून टाकल्या. प्रेज द लॉर्ड, आंटी!" बायच्या हाताचं चुंबन घेऊन ती गर्दीत निघूनही गेली.

बाय गाडीला धरून उभी राहिली. "कसल्या गोळ्या होत्या तिच्या?"

"मला काय माहीत?"

"नाव काय तिचं?"

तेही माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात गटाच्या सभेला बाय गेली. काठी घेऊन, माझ्या आधारानं. साक्षींची वेळ आली तेव्हा तिनं हात वर केला. तिला नाही म्हणणं कुणाला सुचलं नाही. कितीतरी दिवसांनी रेजिना सिस्टर आली होती, लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. माईकसमोर उभी राहून ती म्हणाली, "मी मागे इथंच सांगितलं होतं की मी बरी झाले. मी बरी झालेली नाही. आजार हाडांत गेलाय. माझं ऐकून कुणी औषध सोडलं असेल तर..."

कीबोर्ड वाजायला लागला. ब्रदर आल्विन दुसऱ्या माईकवर म्हणाले, "या वेदनेतही आपली बहीण प्रभूची स्तुती करायला आली आहे! चला, उभे राहा, स्तुती करा!" आणि सगळा हॉल उभा राहिला. बाय बोलतच होती. तिचे ओठ हलताना मला दिसत होते, पण माईक बंद झाला होता. जे गीत तिनं त्या लोकांना शिकवलं होतं त्याच गीतात ते तिला बुडवत होते. मधल्या रांगेत मला ती बाजारातली बाई दिसली. हात वर, डोळे मिटलेले, गात होती. बायनंही तिला पाहिलं. काठीनं तिच्याकडे खूण करत राहिली... गीत संपेपर्यंत लोकांनी बायला खाली आणून खुर्चीत बसवलं होतं, कुणीतरी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला होता. दारात गर्दी झाली, आणि ती बाई पुन्हा हरवली.

आम्ही तिला शोधलं. रिक्षा करून तुळिंजच्या बाजारात फिरलो, भाजीवाल्यांना विचारलं. गटातल्या ओळखीच्या बायकांना फोन केले. त्या गोड बोलल्या आणि काही सांगितलं नाही. ती कुठं राहते, तिला काय होतं, आज ती कशी आहे, मला अजून माहीत नाही. हे ती कुठे वाचत असेल तर तिनं डॉक्टरांकडे जावं. बायला माईकवर एवढंच सांगायचं होतं.

त्यानंतर बाय गायली नाही. उमेळ्याला परतल्यावर, चालता येत होतं तोवर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायची, पण प्रवेशगीत सुरू झालं की ओठ मिटून उभी राहायची. गायनवृंदातल्या मुलींनी विचारलं तर म्हणायची, "घसा बसलाय." मग अंथरूण धरलं.

एका संध्याकाळी मागच्या बाजूला खडखडाट झाला. बघते तर मार्सेलिनवहिनी कुंपणाचा एक पत्रा उचकटून बाजूला काढत होती. "वळसा घालून कोन येनार रोज?" म्हणाली. आत आली, स्टूल ओढून खाटेजवळ बसली, आणि पदराच्या टोकाशी बांधलेली जपमाळ सोडली. "गाऊ नको. नुसती बोल." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती त्या फटीतून यायची. अर्धी प्रार्थना वहिनी म्हणायची, उरलेली अर्धी बाय. दोघींमध्ये गोडवा आला असं मी म्हणणार नाही. वहिनी तिला औषधावरून ओरडायची, बाय बावखलाचा विषय काढायची. पण मणी पुढे सरकत राहायचे. मी एकदा विचारलं, "बाय, अजून विश्वास आहे तुझा?" "हात वर करून मागणं आता जमत नाही," म्हणाली. "हे बरं. यात बरं होण्याचं कुठे येत नाही." शेवटचे दहा मणी मात्र ती रोज एकीसाठीच ठेवायची. नाव नव्हतं म्हणून नुसतं म्हणायची, "हे त्या तुळिंजवालीसाठी."

परवा बायचे कपडे काढायला उमेळ्याला गेले होते. मुलगा परत गेलाय, घर बंद असतं. कपाट आवरता आवरता संध्याकाळ झाली, आणि मागचं दार ढकलून मार्सेलिनवहिनी आत आली. मला बघून चकित झाली नाही. रिकाम्या खाटेजवळ तिच्या नेहमीच्या स्टुलावर बसली आणि जपमाळ काढून सुरू झाली. आपला अर्धा भाग म्हणून ती थांबली. मी दारातून उरलेला अर्धा म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं माझ्याकडे न बघताच हात वर करून मला गप्प केलं. बायला जेवढा वेळ लागायचा, दम लागत लागत, तेवढा वेळ ती खाटेकडे बघत थांबून राहिली. मग तिनं पुढचा मणी धरला.