चार दिवस खुंटीवर

त्या महिन्यात आजी फोन का उचलत नव्हती, असं तुम्ही नातवंडांनी विचारलं होतं. तेव्हा टाळलं. आता लिहून ठेवते.

लॉकडाउनमध्ये आम्ही बायकांनी लिंगायत संतांची वचनं वाचायला फोनवर एक ग्रुप काढला. दर सोमवारी एकीने कन्नडमधलं वचन म्हणायचं, मी मराठीत अर्थ लिहायचा. अक्कलकोटपासून माळशिरसपर्यंतच्या बायका त्यात आल्या. मठात पुरुष पुढे बसतात, आम्ही मागे. फोनवर मागची रांग नव्हती, म्हणून असेल, कधी तोंड न उघडलेल्या बायका प्रश्न विचारू लागल्या.

आपल्या धर्मात दीक्षा झाली की गळ्यातलं इष्टलिंग मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही आणि बाईचा विटाळ मानायचा नाही. तरीही कितीतरी घरांत पाळीचे चार दिवस बाई लिंग काढून खुंटीला अडकवते.

सात रस्ता चौकाच्या मागच्या गल्लीत एका कापड दुकानदाराची सून राहते. तिने मला एकटीला व्हॉइस मेसेज पाठवला. "आजी, सोमवारी आपण एक वाचतो आणि घरी सासूबाई दुसरंच करायला लावतात. चार दिवस लिंग खुंटीवर असतं, तेव्हा मी कोण असते?"

प्रश्न मला फार मोलाचा वाटला. सगळ्याजणींनी ऐकावा म्हणून मी तो पुढे पाठवला, तिला न विचारताच. बायकांच्या आणि समाजाच्या, दोन्ही ग्रुपना मठाचाच फोटो होता. मेसेज गेला समाजाच्या ग्रुपवर, जिथे तिचा सासरा, दीर, मठाचे विश्वस्त सगळे आहेत. मी घाईने पुसला, पण तो फक्त माझ्या फोनमधून पुसला गेला, हे नंतर कळलं.

संध्याकाळपर्यंत तिचा फोन काढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. सासू समोरच बसली होती.

"या की अव्वा. सुना बिघडवून झाल्या, आता चहाला आलात व्हय?"

"चूक माझी आहे. तिने फक्त मला विचारलं होतं. तिचा फोन देऊन टाका."

"आपल्यात विटाळ न्हाय, हे तुमाला आधीपासून म्हाईत होतं न्हवं?"

"होतं."

"मग तुमी काढत नव्हता?"

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी इंग्रजीची एम.ए.; स्त्रियांच्या हक्कांवर कॉलेजात तास घेतलेली.

"काढत होते," मी म्हणाले. "तीसेक वर्षं. खुंटीसुद्धा मीच ठोकून घेतली होती, हाताला येईल अशी."

सासू हसली नाही. "मग हे गड्यांच्या ग्रुपवर सांगा की. माझ्या सुनेचा आवाज समद्यांनी ऐकला, तुमचाबी ऐकू दे."

तिथेच बसून मी समाजाच्या ग्रुपवर माझ्या आवाजात ते सांगितलं. एका विश्वस्तांनी लिहिलं, 'वयाचा मान राखा.' दुपारी मला त्या ग्रुपमधून काढलं. नातेवाइकांचे फोन सुरू झाले. ते मी उचलत नव्हते, त्यात तुमचेही राहून गेले.

बायकांच्या ग्रुपवर मी तेच पुन्हा सांगितलं आणि तिची माफी मागितली. मग सांगोल्याच्या एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "मीबी काढत हुते गं." मग दुसरीचा. दोन दिवस ते आवाज येत राहिले. इतकी वर्षं आम्ही एकमेकींच्या शेजारी बसलो, आणि हे एकीला दुसरीचं ठाऊक नव्हतं.

आठवड्याने सुनेला फोन परत मिळाला. पुढच्या पाळीला सासूने तिला लिंग काढायला सांगितलं नाही. ठेव असंही म्हणाली नाही. स्वयंपाकघरात मात्र येऊ दिलं नाही. बाहेरच्या खोलीत बसून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन तिने पूजा केली.

"बाहेरच बसते अजून, आजी," ती मला म्हणाली. "पण एकटी नसते."

स्वयंपाकघराचं दार अजून उघडायचं आहे.