केरूनाना आणि बुगडीचा डोळा

आमचा शेजारी केरूनाना बोलण्याआधी थुंकायचा. आधी तंबाखूची पिंक, मग वाक्य. ती चुकवायला नांदगावच्या बाजाराला जाणारी जीप लांबचा रस्ता धरायची, असं मी सांगतो. तुम्ही अर्धं खरं माना, तरी माणूस पुरेसा किळसवाणा उरतो. वर हा स्वतःला जनावरांचा डॉक्टर म्हणवायचा. "डॉक्टर पुस्तकात शिकत्यात, आपण ढोरांच्या शेपटाखाली शिकलोय," हे त्याचं ब्रीद. जवळ बसलं की या शिक्षणाबद्दल शंका उरत नसे.

माझी चुलती हौसाकाकू एकटीच बावीस मेंढरं सांभाळायची. बुगडी ही त्यांची पुढारीण. ती चालली की बाकीची चालायची, ती थांबली की सगळा गाडा ठप्प. काकूचा सगळा संसार त्या एका मेंढीच्या मागं चालत होता म्हणा ना. अशा बुगडीच्या उजव्या डोळ्यात बाभळीचा काटा घुसला. काकूनं काटा काढला, पण डोळा गळायचा थांबेना, बुबुळावर दुधासारखा डाग चढला.

"काकू, नांदगावच्या डॉक्टरीणबाईंना फोन करू," मी म्हणालो.

नाना थुंकला. "कशाला? बुबुळावर फूल पडलंय नुसतं. तंबाखू चघळून डोळ्यात पिंक मारली की तीन दिसांत साफ. माझ्या आज्यापासनं चालत आलंय."

"आज्याची मेंढरं कुठं हायेत मग?" मी विचारलं.

"मेली ती. पण डोळ्यानं नाय मेली."

हा उपाय एकट्या नानाचा नव्हे. आमच्याकडं घरोघरी जनावरांच्या डोळ्यात असं थुंकत आलेत. काकूनं होकाराची मान डोलावली. नानानं गाल फुगवले आणि नेम धरला. बुगडी अशी ओरडली, की मनमाडच्या फलाटावर गाडीनं शिट्टी दिल्यासारखं वाटलं. तिचं डोकं मी धरलं होतं, हेही सांगून टाकतो. नाहीतर सगळं शेण नानाच्याच तोंडाला फासतोय असं व्हायचं.

चौथ्या दिवशी पापणी लिंबाएवढी सुजली. पू, माश्या, आणि बुगडीनं चारा सोडलेला. तिच्याभोवती कळप उपाशी उभा आणि दाराशी काकू उपाशी बसलेली. मग मी कुणाला न विचारता फोन लावला.

डॉक्टरीणबाईंनी पापणी उघडली, बॅटरी मारली. "काय घातलंय यात?"

नाना आभाळाकडं बघत होता. जन्मात पहिल्यांदा त्यानं पिंक गिळली.

"तंबाखू," मीच म्हणालो.

"काट्याची जखम औषधानं भरली असती," बाई म्हणाल्या. "आता डोळा काढावा लागेल. नाहीतर विष अंगात भिनेल आणि मेंढी जाईल."

"काढा," काकू म्हणाली. "पण माझी बुगडी ठेवा."

बाईंनी भूल देऊन अंगणातच डोळा काढला, पापण्या शिवल्या. रोज जखम पुसायची, माश्या बसू नयेत म्हणून औषध मारायचं, पाच दिवस इंजेक्शन. पण हात लावू देईल तर ती बुगडी कसली! तिनं मला एका धडकेत गव्हाणीत बसवलं. तेव्हा नाना न बोलावता आला. त्यानं तिला दोन गुडघ्यांत असं धरलं, की ती गरीब गाय झाली. टाके निघेपर्यंत रोज आला.

पश्चात्ताप झाला म्हणता? छे! बघायला आलेल्या प्रत्येकाला तो सांगायचा, "बाईनं डोळा घालवला, जीव माझ्या तंबाखूनं राखला."

"नाना, तोंड मिट आणि गुडघे आवळ," काकू म्हणायची.

बुगडी चरायला निघाली, तर उजवीकडच्या प्रत्येक झुडपाला धडकायची. ती धडकली की मागची एकवीस एकमेकींना धडकायची. बांधावरून खाटीक म्हणाला, "मावशी, आंधळी पुढारीण कशाला पोसता? देऊन टाका." काकूनं एकदा बुगडीकडं आणि एकदा मागच्या एकवीस मेंढरांकडं बघितलं, त्याची मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी बुगडीच्या उजव्या अंगाला केरूनाना चालत होता. तिच्या खांद्याला काठी टेकवलेली, झुडूप आलं की हलकेच डावीकडं लोटायचा. त्यानंतर दोन वर्षं तो तसाच चालला, खाटीक मात्र पुन्हा फिरकला नाही. मी एकदा खोचकपणे विचारलं, तर म्हणाला, "ह्या अंगाला सावली लागती." भर बारा वाजता, नांदगावच्या माळावर, मेंढीची सावली! लाज वाटावी इतका खोटारडा. चुकलो, असं मात्र मरेपर्यंत म्हणाला नाही.

मेला गेल्या उन्हाळ्यात. तिरडी अंगणात ठेवली होती. बुगडी गर्दीतून आत घुसली. बायकांना वाटलं, मुकं जनावर शेवटचं दर्शन घ्यायला आलं. दोघींनी पदर डोळ्याला लावला. बुगडीनं नानाच्या छातीवरचा झेंडूचा हार ओढला आणि खायला लागली. कुणीतरी काठी उगारली.

"खाऊ द्या," काकू म्हणाली. "हक्क हाय तिचा."

खांदेकरी थांबले. बुगडीनं अख्खा हार संपवला, मग त्यांनी तिरडी उचलली.