भिंगबाईची चिंधी

सोन्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. तिचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुठे उरलं नव्हतं, सगळे तिला भिंगबाई म्हणत. गळ्यात काळ्या दोरीला भिंग लटकलेलं असे, आणि भिंग काढून ठेवलं तरी नजर तीच. दूधवाल्याचं माप ती उलटं करून तळ बघे. डॉक्टरने गोळ्या दिल्या की आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवून येई. तिचा नवरा हयात असताना म्हणायचा, यम आला तरी ही आधी त्याचं ओळखपत्र मागेल. बिचारा स्वतः गेला तेव्हाही तिने तीन डॉक्टरांकडून खात्री करून घेतली होती.

पण कारखान्याला असं माणूस लागतंच. खाणीतल्या टनभर दगडात चिमूटभरसुद्धा सोनं नसतं आणि जे असतं ते डोळ्यांना दिसत नाही. तो दगड दळून पीठ करायचं, चुना आणि सायनाइड घातलेल्या पाण्यात मोठाल्या टाक्यांमधून दिवसभर घुसळायचं, म्हणजे सोनं पाण्यात उतरतं. मग त्यात करवंटीच्या कोळशाचे दाणे सोडायचे. कोळसा सोनं ओढून घेतो. दाणे जाळीवर गाळायचे, त्यांतलं सोनं सोडवून भट्टीच्या खोलीत त्याची वीट ओतायची आणि उरलेला चिखल बाहेर तळ्यात सोडून द्यायचा. भिंगबाईचं काम त्या चिखलापाशी. जाता जाता तो किती सोनं घेऊन चालला आहे, हे ती दर पाळीला बादलीभर नमुना घेऊन तपासे. बादलीवर काळसर फेस तरंगे, तो ती चिंधीने पुसून काढी. नमुना स्वच्छ हवा, असं तिच्या उस्तादांनी तीस वर्षांपूर्वी बजावलं होतं. "चोर मागच्या दाराने पळतो," ती म्हणे, "आणि मागच्या दारात मी बसलेय."

गेले तीन महिने सोनं कमी भरत होतं. दगडात असे तेवढं विटेत येत नव्हतं. भिंगबाईच्या तपासणीत चिखल मात्र निर्मळ. मग सोनं जात होतं कुठे? चिखलात नाही म्हणजे भट्टीच्या खोलीत, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या खोलीच्या किल्ल्या दोनच. एक साहेबांकडे आणि दुसरी भट्टीवाल्याकडे, आणि भट्टीवाला होता भिंगबाईचा धाकटा भाऊ.

आईबाप गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. तिनेच त्याला वाढवला, तिनेच कारखान्यात चिकटवला, तिनेच त्याचं लग्न लावून दिलं. अजून सगळे एकाच घरात राहत. साहेबांनी आता स्पष्ट सांगितलं होतं की गुरुवारपर्यंत सोन्याचा पत्ता लागला नाही, तर भट्टीवाल्याला काढून पोलिसांच्या ताब्यात देणार.

दुसरी एखादी बहीण छातीठोकपणे म्हणाली असती, माझा भाऊ असं करायचा नाही. भिंगबाईच्या मनात मात्र पाल चुकचुकली. गेल्याच महिन्यात त्याने घराला रंग काढला होता, पैसे कुठून आले? फोन वाजला की हा गच्चीवर का जातो? त्याला अन्न गोड लागत नव्हतं, हे तिला दिसत होतं. पण अन्न चोरालाही गोड लागत नाही, असं ती स्वतःला समजावी. आणि मग त्याच्याच ताटात जास्तीचं तूप वाढी.

तिने त्याच्या डब्याचं झाकण भिंगाखाली धरलं. बुटांच्या टाचा ठोकून पाहिल्या. भावजयीने तिच्या हातात बूट पाहिला.

"ताई, काय शोधताय?"

"सुई पडलीय कुठेतरी."

"बुटात?"

भिंगबाईने बूट खाली ठेवला आणि भाजी महाग झाल्याचा विषय काढला.

शेवटी मंगळवारी पहाटे तिने कात्री उचलली. भट्टीच्या खोलीत जाताना घरचे कपडे बाहेर उतरवून बिनखिशाचा डगला घालावा लागे आणि निघताना आंघोळ सक्तीची होती. म्हणजे प्रामाणिक माणसाच्या घरच्या खिशात सोन्याचा कणही यायला नको. खुंटीवरच्या त्याच्या पँटच्या खिशाचं अस्तर तिने वीतभर कापलं आणि घडी करून पर्समध्ये टाकलं. कात्री सरळ चालली.

जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी होती. एकट्या कापडाची तपासणी करायची नाही, सोबत ज्यात सोनं नाही अशी वस्तूही जाळून बघायची, म्हणजे तपासणीच्या शिशात किंवा भट्टीत काही खोट असेल तर कळते, हाही उस्तादांचाच नियम. तिने इकडेतिकडे पाहिलं. खिळ्याला तिची फेस पुसायची चिंधी वाळत होती. चिखलात सोनं नाही, हे तर ती स्वतःच तीन महिने सही करून देत होती. साऱ्या जगात एकच माणूस तिच्या संशयातून सुटला होता, ती स्वतः. तिने चिंधी घेतली.

दोन्ही कापडं वेगवेगळी जाळून तिने राख दोन मुशींत शिशाबरोबर वितळवली. मग हाडांच्या राखेच्या वाट्यांत तापवून शिसं वाट्यांतच जिरवलं. उरेल ते सोनं. भावाची वाटी तिने भिंगाखाली तीनदा फिरवली. काही नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने सहज दुसरी वाटी पाहिली, तर तळाशी मोहरीएवढा पिवळा मणी.

आधी तिने झाडूवालीवर संशय घेतला, मग पहारेकऱ्यावर. कोणीतरी मला अडकवतंय, असं तिने पक्कं ठरवूनही टाकलं. पण खात्री करून घेतल्याशिवाय तिला चैन पडेना. तिने ताज्या बादलीवरचा काळा फेसच चमच्याने काढला, वाळवला, जाळला. पुन्हा मणी. ती स्टुलावर बसली. तीन महिन्यांपूर्वी नवा स्वस्त कोळसा आला होता. त्याचे दाणे मऊ होते, टाकीत एकमेकांवर घासून त्यांची भुकटी होत होती, आणि ती भुकटी पोटात सोनं घेऊन जाळीतून निसटून चिखलाबरोबर तळ्यात जात होती. बादलीत तीच फेस होऊन वर तरंगे. चोर रोज मागच्या दारानेच जात होता आणि दारात बसलेली बाई त्याच्या पावलांचे ठसे पुसत होती.

ती तडक साहेबांकडे गेली. "नमुना चुकीचा मी घेत होते," ती म्हणाली. "भट्टीवाल्याचा काही संबंध नाही." साहेबांनी कोळसा बदलायला सांगितलं, भट्टीवाल्याला बोलावून त्याची माफी मागितली आणि भिंगबाईच्या हाती लेखी ताकीद दिली. तिने ती घडी घालून ठेवली. बडतर्फीची चिठ्ठी असती तरी तिने घेतली असती, इतकी ती मोकळी झाली होती.

संध्याकाळी भाऊ कित्येक दिवसांनी पोटभर जेवला. दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

"ताई, पण चिंधी जाळून बघायचं तुला सुचलं कसं?"

सहज, असं म्हणून सुटता आलं असतं. भावजय खाली मान घालून वाढत होती, सकाळी खिसा तिनेच शिवला होता.

"तुझ्या खिशाचं अस्तर जाळत होते," भिंगबाई म्हणाली. "त्याच्याशी ताडून बघायला काहीतरी लागतं."

त्याने उचललेला घास ताटात परत ठेवला.

"निघालं काही?"

"नाही."

"सोनं कमी भरायला लागलं तेव्हा साहेबांनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "नमुना घेण्यात चूक होत असेल का, बाहेरचा माणूस आणून तपासून घेऊ का, म्हणून. मी म्हटलं, नमुना माझी ताई घेते. तिथे बघायची गरज नाही."

भिंगबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हात धुवायला उठला, आणि ती खरकट्या हाताने ताटावर तशीच बसून राहिली.